आई-अण्णांसाठी घेतलेल्या वस्तू : दीड वर्षात काय टिकलं, काय कपाटात गेलं

ऑफिसात, माहेरी, सासरी सगळे एकच विचारायलेत की गावाकडं आईवडलांसाठी काय काय घेतलंस आणि त्यातलं खरंच कामाला काय आलं, फोनवर तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, माझं मशीनचं दुकान नाही. मी संभाजीनगरला, भाऊ चाकणला कंपनीत, आणि आई-अण्णा अंबाजोगाई तालुक्यात, शेतातल्या घरात दोघंच. अण्णा ७२, आई ६७. अण्णांना बीपी, आईला बीपी आणि शुगर दोन्ही. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजचा मोठा दवाखाना आहे हे आमच्या भागाचं नशीबच, पण तिथं जायचं म्हणजे सकाळची एसटी, केसपेपर, रांग, गोळ्यांची रांग, परत एसटी, म्हणजे दिवस गेलाच, आणि शेळ्यांना चारा कोण टाकणार हा आईचा प्रश्न वेगळाच.

सुरुवात कॅमेऱ्यापासून झाली आणि तिथंच आपटलो. दिवाळीला भाऊ १,८०० रुपयांचा वायफाय कॅमेरा घेऊन आला, सोबत सिमकार्डवर चालणारा डबा, ओसरीत कोपऱ्यात वरती ठोकला, दोघांच्या मोबाईलवर ॲप टाकलं. दोन दिवस मजा वाटली, ऑफिसात जेवता जेवता उघडायचं तर आई ज्वारी निवडायलीय, अण्णा बाजेवर आडवे. तिसऱ्या दिवशी स्क्रीन काळी. मला वाटलं लाईट गेली असंल, फोन केला तर अण्णा म्हणाले, "लाईट हाय की." मग आईनं फोन घेतला. टॉवेल टाकला होता तिनं कॅमेऱ्यावर, अण्णांचा, अंघोळीचा. म्हणाली, "मी माझ्या घरात डोईवरचा पदर खाली घेऊन दोन मिन्टं बसूबी नको का? तू तिकडून बघतीस, मला इकडं कळतच न्हाई कोण बघायलंय अन् कवा बघायलंय."

मला उत्तरच सुचलं नाही. खरंय ना, आपण "काळजी" म्हणून जे करतो ते मला माझ्या घरात कुणी केलं असतं तर मी टॉवेल नाही, दगड घातला असता. भाऊ मात्र दोन दिवस फुगून होता, त्याचं म्हणणं पडल्या-झडल्या तर कळणार कसं. शेवटी कॅमेरा गोठ्याकडं आणि फाटकाकडं तोंड करून लावला, तिथं तो झकास चालतो, रात्री डुकरं आली तरी दिसतात. म्हणजे गोठ्यासाठी घ्या, माणसांसाठी घेण्याआधी त्यांना विचारा तरी.

दुसरी वस्तू घड्याळ. २,४९९ रुपये, जाहिरातीत बीपी, शुगर, ऑक्सिजन, हार्ट, झोप, सगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशी डझनावारी मिळतात. अण्णांच्या हातावर बांधलं तर बीपी ११९/७७, वाटलं वा. आईच्या हातावर १२०/७८. माझ्या, ११८/७७. वहिनीच्या, ११९/७८. एवढं सगळ्या घराचं एकमत आमच्याकडं याआधी कधी झालं नव्हतं. भावाच्या पोरानं गंमत म्हणून ते केळ्याला बांधलं. केळ्याचा पल्स ७८, बीपी ११८/७६. आम्ही हसून हसून पडलो आणि मग मला घाम फुटला, का तर त्या आधीचे चार दिवस अण्णा घड्याळात ११९ बघून, "आपलं तर नॉर्मल हाय" म्हणून गोळीच घेत नव्हते.

नंतर वाचलं तेव्हा कळलं असं का होतं ते. घड्याळाच्या खालून जो हिरवा उजेड पडतो तो कातडीवर आपटून परत येतो, रक्ताच्या लाटेबरोबर तो कमीजास्त होतो, त्यावरून नाडी मोजतात. त्याच्यासमोर हात असो नाहीतर केळं, उजेड परत आला की स्वस्तातलं घड्याळ काहीतरी आकडा जुळवून देतं. नाडी मोजायला चांगली घड्याळं बऱ्यापैकी कामाची आहेत, काही महागड्या घड्याळांत माणूस जोरात पडला तर आपोआप फोन लावायचीही सोय असते, ते मी वापरलं नाही म्हणून त्यावर बोलत नाही. पण शुगरचं एक नीट ऐका, अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता की सुई न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजतं म्हणणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, वापरू नका. घड्याळावरची साखर बघून कुणी गोळी किंवा इन्सुलिन कमीजास्त केलं तर जिवावरच बेतायचं. आमचं घड्याळ आता भाच्याच्या हातात आहे, वेळ बरोबर दाखवतं.

आता जे चाललं ते. बीपीचं मशीन, दंडाला पट्टा बांधायचं, मनगटाचं नाही. २,१५० रुपये. ऑनलाईन तीनशेनं स्वस्त होतं पण आम्ही अंबाजोगाईत मेडिकलवाल्याकडून घेतलं आणि ते तीनशे रुपये वसूल झाले, दुकानातल्या पोरानं अण्णांना तिथंच खुर्चीत बसवून दोनदा मोजून दाखवलं, सेल घालून दिले, वॉरंटी कार्डावर शिक्का मारला, आणि जाताना म्हणाला, "अण्णा, बिघडलं तर घेऊन या, कंपनीला फोन लावत बसू नका." हे ऑनलाईन कोण म्हणणार. मोठे आकडे, एकच मोठं बटण, चार सेलवर चालतं. सेलवर चालणं आमच्याकडं फार महत्त्वाचं आहे, शेतातल्या लाईनची लाईट कधी येते आणि कधी जाते ते महावितरण आणि देव जाणे.

पहिला आठवडा मात्र आमची पाचावर धारण बसली. अण्णांचे आकडे १६८/९८, १७१/९४, मग एकदम १४९/८८, मग परत १७०. भाऊ रात्रीच गाडी काढून निघतो म्हणाला. मी रविवारी गेले आणि काही न बोलता नुसती बघत बसले अण्णा कसं मोजतात ते. तर अण्णा बाजेवर पाय सोडून बसलेले, पाठीला टेकू नाही, गालात तंबाखूची गोळी, पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून गुंडाळलेला, हात मांडीवर लोंबलेला, आणि मशीन फुगत असताना मोटार कुणी चालू ठेवली यावरून आईशी भांडण चालू. यात कुणाचाही बीपी १७० येईल, केळ्याचा सोडून.

मशीन काय करतं, पट्टा फुगवून दंडातली शीर दाबतं, मग हळूहळू हवा सोडतं आणि रक्त परत वाहायला लागलं की शिरेची जी थरथर होते ती पकडतं. तुम्ही बोललात, हात हलवला, तर ती थरथर आणि ही थरथर त्याला वेगळी करता येत नाही. त्यामुळं आता आमच्याकडं शिस्त अशी की चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, लघवीला जाऊन यायचं, प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप बसायचं, पायावर पाय नाही, बाही वर, आणि कोपराखाली आईचा शेवयांचा डबा, का तर त्या डब्यावर हात ठेवला की दंड बरोबर छातीच्या उंचीला येतो. मग दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजायचं. असं केल्यावर अण्णांचा बीपी निघाला १३६/८२. औषध तेच, माणूस तोच. डॉक्टरांनी सांगितलं की दवाखान्यात १४०/९० ही हद्द धरतात तशी घरी मोजताना १३५/८५ धरायची, कारण घरी माणूस जरा निवांत असतो. मशीन एकदा उपकेंद्रात नेऊन तिथल्या मशीनशी ताडूनही बघितलं, दोन-चारचा फरक आला, तेवढा चालतो म्हणाले.

आणि पट्ट्याचं माप बघा. पट्ट्यावर छापलेलं असतं, आमच्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर आहे. टेपनं दंड मोजूनच घ्या. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी फुकटच जास्त दिसतो.

पण या मशीनची खरी किंमत मला वेगळ्याच गोष्टीतून कळली. आकडे लिहून ठेवा म्हणून मी वही दिली होती, अण्णांना बारीक दिसत नाही, आईला लिहायचा कंटाळा. मग भाच्यानं अण्णांना शिकवलं की मशीनचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव "तब्येत", आत आम्ही पाचच जण. सकाळी सात-सव्वासातला दोन फोटो येतात, एक अण्णांचा, एक आईचा, कधी अर्ध्या फोटोत अण्णांचा अंगठाच. मशीनमध्ये तारीख असते पण सेल बदलले की ती १ जानेवारीवर जाते, व्हॉट्सॲपवर मात्र तारीख-वेळ आपोआप बसते, त्यामुळं वहीचं कामच उरलं नाही. दवाखान्यात जायच्या आधी मी महिन्याचे फोटो बघून एका कागदावर आकडे उतरवते, डॉक्टर तो कागद ठेवून घेतात.

सुरुवातीला मी फक्त आकडा बघायची. मग हळूहळू आकड्यामागचं बघायला लागले. स्टुलावर मशीन, बाजूला गोळ्यांचं पाकीट, त्यातल्या किती गोळ्या संपल्यात. मागं चूल, पेटलीय की नाही. एक दिवस मागं ताटात रात्रीची भाकर तशीच, विचारलं तर आईला दोन दिवस मळमळत होतं आणि कुणी बोललं नव्हतं. फोनवर विचारलं की दोघंही "बरंय" म्हणतात, मेले तरी "बरंय" म्हणतील, पण फोटोला खोटं बोलता येत नाही. आणि कॅमेऱ्यासारखं नाही हे. हे ते स्वतः काढतात, स्वतः पाठवतात, ज्या दिवशी नको त्या दिवशी नाही पाठवत. आईनं याच्यावर कधी टॉवेल टाकला नाही.

मे महिन्यात एका फोटोत खालच्या कोपऱ्यात आईचं पाऊल आलं होतं. बीपी १२८/७६, एकदम छान. पण जोडवी बोटात रुतलेली दिसली. मी फोटो मोठा करून बघितला, बोटं जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी फुगलेली, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला. फोन केला तर आई म्हणाली, "उन्हानं सुजतंय गं, काय एवढं." किती दिवसांपासून? "झाले की पंधरा-तीन वार." पंधरा-तीन वार म्हणजे काय ते तिचं तिला माहीत. मागचे फोटो चाळले तर महिनाभरापूर्वी एका फोटोत तेच पाऊल होतं, जोडवी तेव्हा सैल होती.

त्याच दिवशी आई उपकेंद्रात गेली, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या ताईंनी ई-संजीवनीवर डॉक्टर जोडून दिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही सरकारची फुकट सेवा आहे, नोव्हेंबर २०१९ ला उपकेंद्र ते डॉक्टर अशी सुरू झाली आणि लॉकडाऊनमध्ये एप्रिल २०२० ला घरून वापरायचीही सोय झाली. मी म्हणेन ज्यांचे आईवडील गावाकडं आहेत त्यांनी उपकेंद्रातूनच करावं, कारण तिथं ताई समोर बसून बीपी मोजतात, पाय दाबून बघतात, खड्डा पडतो का ते सांगतात, आणि डॉक्टर काय म्हणाले ते आईच्या भाषेत परत सांगतात. त्या दिवशी नेटवर्क दोनदा तुटलं, व्हिडिओवरचा डॉक्टर चौकोन चौकोन झाला, शेवटी आवाजावरच काम भागवलं. डॉक्टरांनी गोळ्यांची नावं विचारली. तीन महिन्यांपूर्वी आईची बीपीची गोळी, अमलोडिपिन, ५ ची १० केली होती. ते म्हणाले या गोळीनं बऱ्याच जणांचे पाय सुजतात, डोस वाढवला की जास्त, पण किडनी-हार्ट बघितल्याशिवाय तेवढंच कारण धरू नका, गोळी मनानं बंद करू नका, अंबाजोगाईला दाखवा.

दाखवलं. रक्त-लघवी, ईसीजी सगळं ठीक निघालं, अमलोडिपिन परत ५ वर आणली आणि सोबत दुसरी गोळी दिली. दोन-अडीच आठवड्यांत जोडवी फिरायला लागली. आकडा १२८ च होता हो त्या दिवशी. फक्त आकडा पाठवणारं महागातलं ब्लूटूथ मशीन घेतलं असतं तर ॲपनं मला हिरवा टिळा दाखवला असता आणि मी पुढं गेले असते.

शुगरचं मशीन ९०० रुपयांना, २५ पट्ट्यांसकट. मशीन स्वस्त, पट्ट्या महाग, हा त्यांचा धंदाच आहे, ५० पट्ट्यांना आठशेच्या वर जातात, म्हणून मशीन घेताना मशीनची नाही, पट्टीची किंमत विचारा, आणि ती पट्टी तुमच्या गावाजवळच्या मेडिकलला मिळते का तेही. संक्रांतीला आईची शुगर आली ३४२. रात्री साडेआठ वाजलेले, मी इकडं रडकुंडीला, भाऊ म्हणतो १०८ लावू. आईला काहीच होत नव्हतं, घाम नाही, तहान नाही, उलट ती वैतागलेली, "लाडू वळायचे राहिलेत." मग वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणाली, आत्या, हात धुतले होते का? तिळाच्या लाडवाचा पाक बोटाला. साबणानं हात धुवून, कोरडे करून परत टोचलं, १६१. पट्टी रक्ताचा एवढासा थेंब घेते, त्यात गुळाचा कण मिसळला तर ती आईची साखर मोजणार का गुळाची.

आणि ऊन. पट्ट्यांच्या डबीवर लिहिलेलं असतं की ३० डिग्रीच्या वर ठेवू नका. आमच्याकडं मे महिन्यात ४२ असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. आईनं शहाणपणा करून डबी फ्रिजमध्ये ठेवली तर तिथं दमटपणानं पट्ट्या खराब होतात. शेवटी जुन्या माळवदाच्या खोलीत भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतो, ती खोली भर उन्हाळ्यातही गार असते. ज्यांनी माळवद पाडून स्लॅब टाकलाय त्यांनी काय करावं ते त्यांचं त्यांनी बघावं. बाकी हे मशीन रोजचा अंदाज सांगतं, तीन महिन्यांचा खरा हिशोब लॅबमधल्या एचबीए१सी तपासणीनंच कळतो, ती चुकवू नका.

गोळ्यांची आठवण हा सगळ्यात किचकट विषय. आधी बोलणारा स्पीकर आणला, साडेतीन हजार, तो मराठी बोलत नाही, आईशी हिंदीत बोलला तर आई त्याला "जी, जी" म्हणायची आणि गोळी विसरायची, वायफाय गेलं की तोही गेला. भजनं ऐकायला बरा, संपला विषय. मग मोबाईलच्या अलार्मला माझ्या पोरीचा आवाज रेकॉर्ड करून लावला, "अण्णा आजोबा, गोळी घ्या, आजीला पण द्या." फुकटातलं काम, आणि पहिल्या आठवड्यात काय कौतुक, शेजारपाजारच्यांना ऐकवून झालं. दुसऱ्या आठवड्यापासून अण्णा आवाज आला की "घेतो बाळा, घेतो" असं मोबाईलला उत्तर देऊन परत पेपर वाचायचे. पोरीला उत्तर दिलं म्हणजे काम झालं.

ते थांबलं १८० रुपयांच्या प्लास्टिकच्या डब्यानं. सात दिवसांचे कप्पे, दिवसाला चार. त्यावर इंग्रजी अक्षरं होती, त्यात दोन टी आणि दोन एस, आईनं विचारलं यातला मंगळवार कंचा अन् गुरुवार कंचा, मलाही क्षणभर कळेना. पांढऱ्या चिकटपट्टीवर सोम, मंगळ, बुध लिहून चिकटवलं, सकाळला पिवळा ठिपका, रात्रीला काळा. रविवारी आई डबा भरते, व्हिडिओ कॉलवर मी बघते. रात्री कप्पा रिकामा दिसला म्हणजे गोळी पोटात गेली, नाहीतर मांजरानं खाल्ली. काही गोळ्या पाकिटातून आधी काढल्या की हवेनं बिघडतात, तेवढं मेडिकलवाल्याला विचारून घ्या, आमची एक तशी निघाली, ती पाकिटासकट कापून ठेवतो.

आणि हे सगळं ज्या मोबाईलवर चालतं त्याच मोबाईलवर पावणेरावळ्यांच्या ग्रुपातून येतं, बीपीची गोळी सोडा, रोज सकाळी दुधीचा रस प्या. अण्णांनी चार दिवस केलं. फोटोतला आकडा १३४, १४२, १५१, १६४ असा चढत गेला म्हणून पकडले गेले, नाहीतर महिनाभर रस चालला असता. कडू दुधीचा रस विषारी असतो, त्यानं माणसं दगावलीत, हे अण्णांना सांगितलं तर म्हणे, "आपला गोडच व्हता की." आता ते असलं काही आलं की आधी "तब्येत" वर टाकतात, वहिनी खाली लिहिते, नाही.

थोडं कार्डाचंही सांगते कारण बरेच जण विचारतात. सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन उपचार, २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. अण्णांचं काढायला एका सेंटरवर गेलो तर अंगठाच उठेना, पन्नास वर्षं शेतात राबून बोटांच्या रेघा पुसल्यात, तो माणूस तीनदा म्हणाला नीट दाबा, अण्णांनी शेवटी त्याच्यासमोर तळहात धरला, म्हणाले, "ह्याच्यात कुठं रेघ दिसली तर मलाबी दाखव." घरी येऊन मोबाईलवर ओटीपीनं पाच मिनिटांत झालं. एकटे राहणाऱ्यांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाईन आहे, पेन्शन, घरातला त्रास, कायद्याचं काही, त्यासाठी. मन लागत नसेल, झोप येत नसेल तर टेली-मानस १४४१६, मराठीत बोलतात. दोन्ही नंबर चुलीजवळच्या भिंतीवर खडूनं मोठे लिहून ठेवलेत, मोबाईलमध्ये सेव्ह केलेला नंबर ऐनवेळी सापडत नाही.

मशीनची एक गडबड मात्र सांगायची राहिली. दुपारी आईकडं चार-पाच बायका येतात, वाती वळायला, गप्पा मारायला. आईनं सगळ्यांचे बीपी मोजायला सुरुवात केली, डबा कोपराखाली, "बोलू नको, पाय सरळ कर" असं अगदी सिस्टरसारखं दटावून. पुढच्या वेळेस डॉक्टरांनी मशीनची मेमरी बघितली तर मध्येच १८८/१०४. डॉक्टर दचकले, आई म्हणाली, "ते माझं न्हाई, ते वरच्या वाड्यातल्या काकूंचं हाय." काकूंना वर्षानुवर्षं डोकं दुखायचं, त्या बाम चोळत बसायच्या, बीपी कधी कुणी मोजलाच नव्हता. आता त्यांची गोळी उपकेंद्रातून फुकट सुरू आहे. मशीनमध्ये दोन माणसांचं एक-दोन असं बटण असतं, एकवर अण्णा, दोनवर आई, पाहुण्यांचं मोजलं की ते लगेच पुसायचं, हे आईला शिकवून ठेवलंय, बहुतेक वेळा विसरते.

दीड वर्षात एवढ्या बायकांनी बांधून बांधून पट्ट्याचं चिकटणारं कापड मात्र गेलं, फुगताना चर्र करून सुटतं आणि एरर येतो. नवा पट्टा वेगळा मिळतो, साडेसातशेला, मशीनच्या किमतीच्या मानानं जास्तच वाटला. मागवताना मशीनच्या पाठीमागचा मॉडेल नंबर बघून मागवा, मी फोटो बघून अंदाजानं मागवला, त्याची नळी बसलीच नाही, परत पाठवून दुसरा येईपर्यंत बारा दिवस गेले. तोपर्यंत आईनं जुन्या पट्ट्यावरून अण्णांच्या धोतराची चिंधी घट्ट बांधून काम चालवलं, फोटोत दिसायलंय.